यादीत नसलेली माणसं कशी शोधायची? इरावती कर्वे आणि तुमच्या व्हॉट्सॲपवरचा सर्व्हे

फॉर्म भरा आणि ओळखीच्या पाच जणांना पाठवा, असा मेसेज महिन्यातून एखादा तरी तुमच्या व्हॉट्सॲपवर येत असणार. कधी कोणाच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी, कधी पीएचडीसाठी, कधी एखाद्या संस्थेसाठी. आपण फॉर्म भरतोच असं नाही, पण पुढे मात्र ढकलतो. या ‘पाच जणांना पाठवा’मागे एक पक्कं गणित आहे. ते कसं चालतं आणि कुठे फसतं, हे आज बघू. ते सांगण्यासाठी मी एका बाईंचं आयुष्य निवडलंय. आपल्याकडे लोकांना इंटरनेट मिळालं १९९५ साली, आणि या बाई गेल्या १९७० मध्ये. म्हणजे लिंक, फॉर्म, ग्रुप यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. तरीही माणसं एकमेकांशी कशी जोडलेली असतात, हे त्यांच्याइतकं महाराष्ट्रात फार थोड्यांना कळलं होतं. त्यांचं नाव इरावती कर्वे.

आधी अडचण काय आहे ते समजून घेऊ. कुठलाही धड सर्व्हे यादीपासून सुरू होतो. मतदारांची यादी, घरांची यादी, शाळेचा पट. त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढायची, त्या माणसांना भेटायचं, आणि त्यांच्या उत्तरांवरून सगळ्यांबद्दल अंदाज बांधायचा. भातातली दोन शितं दाबून बघतो तसंच. पण ज्यांची यादीच नाही त्यांचं काय?

मी धरमतरचा. अंबा नदी जिथे खाडी होते, तिथे आमचं गाव. पुलापलीकडे अलिबाग तालुका, आणि नदीने वर नागोठण्याकडे गेलं की रोहा. एकेकाळी मुंबईहून लाँचने येणारा माणूस इथे उतरायचा; आता डोलवीच्या कारखान्याचा माल बार्जमधून उतरतो. या पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत आणि त्यांवर राबणारी बरीच माणसं कातकरी आहेत. दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जायचं, पावसाआधी वाडीवर परत यायचं. मतदारयादीत नाव वाडीचं आणि माणूस भट्टीवर. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समाज सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदले आहेत. म्हणजे ज्यांची माहिती सगळ्यात जास्त हवी, तेच यादीवर धड सापडत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात वीटभट्टी मजुरांच्या स्थलांतराबद्दलची एक लिंक माझ्या फोनवर आली. ग्रुप होता आमच्या क्रिकेट मंडळाचा. त्यातल्या एकानेही आयुष्यात वीट थापलेली नाही. दोघांनी गंमत म्हणून फॉर्म भरून टाकला, एकाने स्वतःला चार मुलांचा बाप दाखवलं. ती उत्तरं कुठेतरी एक्सेलमध्ये जाऊन बसली असतील.

हे असं का होतं, याचं उत्तर इरावतीबाईंच्या कामात आहे.

बर्मा, पुणे, बर्लिन

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, बर्मातल्या मिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत इंजिनियर होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव पडलं. सातव्या वर्षी मुलगी पुण्याला हुजूरपागेच्या बोर्डिंगात आली. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरात त्यांच्याच मुलीसारखी राहिली. फर्ग्युसनमधून १९२६ ला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. आणि मुंबईत गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ ला एम.ए. विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे स्वतःचीच जात. पहिला अभ्यास ओळखीतल्या माणसांचा केला की सोपं जातं, हे आजचे एम.ए.वालेही जाणतात. लग्न झालं दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव.

पुढचं पाऊल मात्र ओळखीच्या जगाबाहेरचं होतं. १९२८ मध्ये त्या जर्मनीला गेल्या. विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना सुनेचं हे जाणं पसंत नव्हतं. दिनकररावांनी जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन सोय केली. बर्लिनच्या ज्या संस्थेत त्या पोचल्या, तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. वंशशुद्धीच्या ज्या कल्पनांवर पुढे नाझींनी राज्य केलं, त्यांना शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांपैकी हा एक माणूस. इरावतीबाईंना काम मिळालं कवट्या मोजण्याचं. युरोपीय आणि युरोपाबाहेरच्या लोकांच्या कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो, त्यात वंशाप्रमाणे काही शिडी दिसते का, हे बघायचं होतं. त्यांना तशी शिडी दिसली नाही. आणि दिसली नाही असंच त्यांनी प्रबंधात लिहिलं, गाईडच्या मताविरुद्ध, परक्या देशात, पंचविशीत.

मला यातलं धाडस आवडतंच. पण आणखी एक गोष्ट आहे. त्या कवट्यांना कोणी विचारलं नव्हतं की तुम्हाला मोजून घ्यायचंय का. ज्यांची डोकी टेबलावर आली, त्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोणाची कोण?

परत आल्यावर १९३१ पासून काही वर्षं त्यांनी महर्षींच्या महिला विद्यापीठात कारभार सांभाळला आणि १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आल्या. तिथे त्या शेवटपर्यंत राहिल्या. त्या काळात पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांत त्यांचं नाव घेतात. नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारत, मंगळसूत्र-कुंकवाच्या भानगडीत पडत नसत. गावाला याचं कौतुक किती आणि कुजबुज किती, ते तुम्हीच ओळखा.

‘परिपूर्ती’ नावाचा त्यांचा एक ललितलेख आहे, आणि १९४९ च्या त्याच नावाच्या संग्रहात तो सापडतो. प्रसंग साधा आहे. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते: अमक्यांची मुलगी, महर्षींची सून, अमक्यांची पत्नी. सगळं खरं, तरी त्यांना वाटतं काहीतरी राहिलं. मग रस्त्याने जाताना शाळकरी पोरांचं टोळकं त्यांच्याकडे बोट दाखवतं आणि एकजण दुसऱ्याला सांगतो की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ओळख पुरी होते.

मराठीच्या तासाला हा लेख मायेचा म्हणून शिकवतात. मला मात्र तो नेटवर्कचा वाटतो. नेटवर्कच्या भाषेत माणूस म्हणजे बिंदू आणि नातं म्हणजे रेघ. बिंदूला स्वतःची अशी ओळख नसते. त्याला किती आणि कोणत्या रेघा जोडल्या आहेत त्यावर तो ठरतो. पोरांच्या नेटवर्कमध्ये महर्षी कर्वे हा बिंदूच नव्हता, तिथे वर्गातला कर्व्या होता. एकच बाई, पण कोणत्या रेघेने तिच्यापर्यंत पोचलात त्यावर ती कोण हे ठरलं. अनोळखी लिंक उघडण्याआधी आपणही हेच बघतो ना? लिंकमध्ये काय आहे ते नंतर, आधी पाठवली कोणी.

नात्यांचा नकाशा

इरावतीबाईंचं सगळ्यात मोठं काम म्हणजे १९५३ मध्ये इंग्रजीत आलेलं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं पुस्तक. त्यासाठी त्या देशभर फिरल्या. घरोघर बसून नात्यांचे शब्द गोळा केले. काका, मामा, मावसा, आतोबा यांना कुठल्या भाषेत वेगळे शब्द आहेत, कुठे एकाच शब्दात भागवतात, कोणाचं कोणाशी लग्न चालतं आणि कोणाशी चालत नाही. त्यातून त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे पट्टे पाडले.

थोडक्यात त्यांचं म्हणणं असं. उत्तरेत गावातली मुलगी गावात देत नाहीत; नातं आधीच असेल तिथे लग्न करत नाहीत. त्यामुळे प्रत्येक लग्नागणिक नवं गाव, नवी माणसं जोडली जातात. दक्षिणेत उलट. मामा-भाची, आतेमामे भावंडं अशी लग्नं चालतात, त्यामुळे जुनंच नातं पुन्हा घट्ट होतं. महाराष्ट्र मधोमध. आपल्याकडे कित्येक जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी करायला खळखळ करतात. आणि जात म्हणजे तरी काय? लांबवर पसरलेलं एक नातेवाईकांचं जाळंच. आतल्या आत सगळे कुठून ना कुठून जोडलेले, बाहेरच्या जाळ्याशी मात्र मोजकेच धागे.

आता तुमच्या फोनवरच्या ‘पाच जणांना पाठवा’कडे वळू.

लिओ गुडमन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये साखळीने माणसं शोधण्याच्या पद्धतीचं गणित मांडलं. बर्फाचा गोळा घरंगळत मोठा होतो, म्हणून तिला स्नोबॉल म्हणतात. कोकणातल्या माणसाला बर्फाचं काय कौतुक, पण नाव रूढ झालंय. तुम्ही दोन-चार माणसं शोधायची, त्यांनी आपल्यासारखी आणखी सांगायची, त्यांनी आणखी. यादी नको, पत्ता नको. यात एक खोट आहे: ज्याच्या ओळखी जास्त, तोच सारखा सापडतो. स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवलं की सरासरीने बघितलं तर तुमच्या मित्रांना तुमच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ऐकून राग येतो, पण साधं आहे. ज्याला शंभर मित्र आहेत तो शंभर जणांच्या यादीत मोजला जातो. ज्याला दोनच आहेत तो दोनांच्या. तसंच साखळीचं. भट्टीवरचा बोलका, चार वाड्यांत ऊठबस असलेला गडी लगेच हाती लागतो. नवऱ्याबरोबर नव्याने आलेली, कोणाशी न बोलणारी बाई राहून जाते. तिचंच उत्तर बहुधा सगळ्यात वेगळं असतं.

त्यावर १९९७ मध्ये डग्लस हेकेथॉर्न यांनी तोडगा काढला. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये सुईने नशा करणाऱ्या लोकांपर्यंत पोचायचं होतं. अशांची यादी कोण देणार? त्यांनी सुरुवातीच्या माणसांना मोजकीच कुपनं दिली. तू तीनच जणांना आण, वीस जणांना नाही. त्यामुळे एकाच्याच गोतावळ्याने सर्व्हे भरत नाही आणि साखळी लांब जाते. प्रत्येकाला विचारलं, तू अशा किती जणांना ओळखतोस? पन्नास ओळखी असलेला माणूस पाच ओळखीवाल्यापेक्षा दहापट सहज सापडणार, म्हणून हिशोब करताना त्याच्या उत्तराचं वजन दहाव्या हिश्श्याने धरायचं. स्वतः उत्तर दिल्याचे थोडे पैसे, आणि आणलेल्या माणसाने उत्तर दिलं की त्याचेही थोडे. साखळी पुरेशी लांबली की सुरुवात कोणापासून केली याचा परिणाम पुसट होत जातो.

हीच युक्ती पुढे वेबवर गेली. कुपनाऐवजी एकदाच चालणारी लिंक. भारी गोष्ट म्हणजे वेळ वाचतो. आठवड्यांचं काम दिवसांवर येतं. दुसरी वाट जाहिरातीची. २०१७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रिया, आयर्लंड, स्वित्झर्लंड आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पोलिश स्थलांतरितांना फेसबुकच्या जाहिराती दाखवून हजारावर लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली, तीही फार थोड्या खर्चात. आपल्या मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टने ‘चलो’ नावाच्या एका प्रायोगिक अभ्यासात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपर्यंत ऑनलाइन पोचून त्यांना एचआयव्ही तपासणीविषयी मेसेज पाठवले. २०१८ पर्यंत ज्या नात्याला आपला कायदा गुन्हा म्हणत होता, त्यांची यादी सरकारी कपाटात कशी असेल? तिथे फोन हाच दरवाजा होता, आणि तो आतून उघडला गेला.

आता यात इरावतीबाईंचा नकाशा ठेवून बघा. साखळी चालण्यासाठी अट असते की सगळं जाळं एकमेकांशी कुठेतरी जोडलेलं हवं. जिथे लग्नं लांबच्या गावांत होतात, तिथे बायकांमार्फत टाकलेली साखळी भराभर दूर पसरेल. जिथे मामाच्याच घरात मुलगी जाते, तिथे चौथी लिंक फिरून पहिल्याच अंगणात येईल. आणि जातीच्या कुंपणापाशी ती अडेल. हा निष्कर्ष माझा आहे, पुस्तकात असा लिहिलेला नाही. पण त्यांनी जो नकाशा काढला त्यावर बोट ठेवून चाललं की इथेच येऊन पोचतो.

दिंडीत एकत्र, जेवायला वेगळे

‘वाटचाल’ हा त्यांचा वारीवरचा लेख. तो मराठीत तर गाजलाच, पण १९६२ मध्ये त्याचं इंग्रजी रूप अमेरिकेतल्या नियतकालिकात आलं आणि जगभरच्या अभ्यासकांनी वाचलं. इरावतीबाई पंढरपूरला पायी गेल्या, दिंडीबरोबर, सगळ्यांसारख्या. अभंग, धूळ, पाऊस, हसणं, थकणं, सगळं त्यांनी प्रेमाने टिपलंय. आणि त्याच प्रेमाने टोचणारी गोष्टही: एका विठ्ठलाकडे निघालेली माणसंसुद्धा जातीजातीने चालतात, आणि मुक्कामाला चुली वेगळ्या पेटतात. ओळखीच्या बायकांच्या दोन गटांत त्या येत-जात राहिल्या, आणि हे दोन गट एकत्र जेवायला बसत नाहीत याचं दुःख त्यांना लपवता आलं नाही.

नेटवर्कवाले याला एक जड शब्द वापरतात, होमोफिली. आपण म्हणू, सारख्याला सारखा. तुमच्या फोनमधले ग्रुप उघडून बघा. गावकीचा, भावकीचा, कॉलेजचा, मंडळाचा. वारीइतकी गर्दी आहे, आणि चुलीही वारीसारख्याच वेगळ्या. आमच्या क्रिकेट मंडळात आगरी पोरं आहेत, थोडे कोळी, थोडे मराठे. कातकरी एकही नाही. मैदानापासून वाडी चालत दहा मिनिटांवर आहे. म्हणून भट्टी मजुरांची लिंक आमच्याकडे आली ती आमच्याचसारख्यांत फिरत राहिली आणि तिथेच विझली. फॉरवर्ड दोन-तीनशे झाले असतील, पण रेघ ओलांडली नाही.

त्यात पुन्हा फोन कोणाचा हा प्रश्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरतात असा मोबाइल होता, आणि आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलेल्या बायका होत्या ३३ टक्के. पुरुष ५७ टक्के. ही पाहणी घरोघर जाऊन केलेली आहे, म्हणून हे कळलं. हाच प्रश्न ऑनलाइन फॉर्ममध्ये विचारला असता तर शंभर टक्के लोक इंटरनेट वापरतात असं निघालं असतं!

इरावतीबाई नुसत्या फिरत नव्हत्या, मोजतही होत्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातीजमातींच्या लोकांची उंची, डोकं, नाक यांची मापं त्यांनी घेतली. १९५१ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं, आणि त्यात आकडेमोडीला जोडीला होते वि. म. दांडेकर, पुढे दारिद्र्यरेषेच्या अभ्यासामुळे नावाजलेले तेच. बर्लिनमध्ये वंशाच्या शिडीला नाही म्हणणाऱ्या बाईंनी तीच कॅलिपर घेऊन परत येऊन लोकांची नाकं का मोजावीत, हे मला पटत नाही. त्यांना जातींचा उगम आणि संबंध शोधायचे होते हे मान्य. पण समोर उभा केलेला माणूस मोजणाऱ्याला कितपत नाही म्हणू शकत होता? गावचा पाटील सांगतोय, पुण्याची बाई आलीय, उभा राहा. असं झालंच असेल असं मी म्हणत नाही. पण त्या काळातल्या कुठल्याही मोजणीला हा प्रश्न विचारावाच लागतो.

विस्कटलेली गावं

शेवटच्या दशकातलं त्यांचं एक काम आमच्या भागाच्या जवळचं आहे. कोयना धरण बांधलं गेलं, शिवसागर भरला, आणि खोऱ्यातली गावं उठली. उठलेली माणसं एका जागी वसली नाहीत. कोणी सातारा जिल्ह्यातच वर सरकली, कोणी रत्नागिरीत, सांगलीत, ठाण्यात, आणि कोणी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात. इरावतीबाईंनी मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत या विस्थापितांचा अभ्यास केला. डेक्कन कॉलेजने तो अहवाल १९६९ मध्ये काढला. धरणांची गाणी गायची ती वर्षं होती. धरणाने ज्यांचं घर नेलं त्यांचं पुढे काय झालं, हे जाऊन विचारणारे त्या काळी विरळाच.

विस्थापित म्हणजे यादी फाटलेली माणसं. सरकारकडे जुन्या गावाची नोंद असते. माणूस तिथे नसतो. तो कुठे गेला हे त्याच्या भावाला, साडूला, जुन्या शेजाऱ्याला माहीत असतं. गाव बुडालं तरी गावकी बुडत नाही, ती लग्नाच्या पत्रिकांतून आणि आता व्हॉट्सॲप ग्रुपमधून जिवंत राहते. साखळीने शोधायची पद्धत इथे खरी शोभते, कारण जाळं जुनं आहे, आतून जोडलेलं आहे, आणि माणसांना स्वतःलाच आपली गोष्ट सांगायची आहे.

भट्टीवर तसं नाही. तिथे साखळीची पहिली कडी बहुधा मुकादम असतो. हंगामाआधी उचल देऊन त्यानेच माणसं बांधलेली असतात. सर्व्हेवाल्याला सगळ्यात सोपं काय, तर मुकादमाला फोन करून दहा माणसं बोलवून घेणं. दहा माणसं येतात, रांगेत बसतात, मजुरी वेळेवर मिळते असं सांगतात. मुकादम शेजारी उभा असतो. साखळी चालली, आकडे आले, आणि एकही उत्तर त्या माणसाचं स्वतःचं नाही. कुपन देणारा कोण आहे यावर उत्तर बदलतं. म्हणून चांगले अभ्यासक पहिली माणसं निवडायलाच सगळ्यात जास्त वेळ घालवतात. एखादी अंगणवाडीतली बाई, एखादा शिकलेला वाडीतलाच पोरगा, ज्याचं कोणावर देणं नाही. फोन नसेल तर लिंक कागदावर जाते, उत्तर तोंडी येतं.

आणि संमती. ऑनलाइन तर हा धोका दसपट. केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. फेसबुकवर संशोधनाच्या नावाखाली एक स्वभावचाचणी फिरवली गेली. ती भरली सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी. पण ॲपने त्यांच्या मित्रांचीही माहिती उचलली, आणि फेसबुकच्याच अंदाजाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली. २०१८ मध्ये हे उघड झालं. बाकीच्या कोट्यवधींना कोणी काही विचारलं नव्हतं. बर्लिनच्या टेबलावरच्या कवट्यांना विचारलं नव्हतं तसंच. साखळी-सर्व्हेत हे अगदी सहज घडतं: मला तुझ्या तीन मित्रांचे नंबर दे, असं विचारलं की त्या तिघांची संमती न घेताच त्यांची नावं वहीत आली. नशा करणारे, एचआयव्हीसोबत जगणारे, मुकादमाचं देणं असलेले, यांच्या बाबतीत नुसतं नाव वहीत येणंही महागात पडू शकतं. म्हणून बरी पद्धत अशी की नंबर मागायचा नाही; लिंक किंवा कुपन हातात द्यायचं आणि ज्याला यायचं तो स्वतःहून येईल.

तेव्हा फॉर्म आला की मी आता चार गोष्टी बघतो. वर संस्थेचं नाव आणि संपर्काचा माणूस आहे का. माहितीचं काय करणार ते लिहिलंय का. मध्येच सोडून देता येतं का. आणि माझ्या मित्रांचे नंबर मागतायत की फक्त लिंक पुढे द्यायला सांगतायत. नंबर मागत असतील तर मी फॉर्म तिथेच बंद करतो. फॉर्म ज्या लोकांसाठी आहे त्यांतला मी नसेन, तर गंमत म्हणूनही भरत नाही.

‘युगान्त’बद्दल मी काहीच बोललो नाही, आणि त्यांची ओळख तर बहुतेकांना त्याच पुस्तकामुळे असते. महाभारतातल्या माणसांवरच्या या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचलं नसेल तर वाचा. तिथेही त्या नातीच उलगडत बसल्या आहेत, फक्त माणसं कुरुकुळातली आहेत.

त्यांचा मृत्यू ११ ऑगस्ट १९७० चा. हेमलता आचार्य यांच्याबरोबर केलेला एक अभ्यास त्याच वर्षी आला, विषय होता आठवडे बाजार. आदिवासी, खेडूत आणि शहरी माणसं बाजारात कशी एकत्र येतात, काय विकतात, काय घेतात. माणूस यादीत नसेल, जाळ्यात सुटा असेल, फोन नसेल, तरी मीठ-मिरचीला बाजाराला येतोच. आजचे अभ्यासकही ज्यांची यादी नाही त्यांच्यासाठी ही वाट वापरतात: लोक जिथे जमतात त्या जागा आणि वेळा यांची यादी करायची, त्यातून चिठ्ठ्या टाकायच्या, आणि त्या वेळी तिथे जाऊन उभं राहायचं. आमच्याकडे भट्टीवरची माणसं आठवड्याचा खर्च हातात पडला की पेण नाहीतर नागोठण्याला बाजाराला जातात. येताना सहा आसनी रिक्षात दहा जण, मांडीवर पिशव्या.